बुधाबाईचा डूख

परवा भाचीच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात गेले होते. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, वजन दीड किलोच्या आतबाहेर. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि भिंतीवरच्या चित्रावर पेन टेकवत समजावून सांगितलं. "आजी, ही नवीन पद्धत आहे. बाहेरच्या देशातून आलीय. बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं आणि वरून बांधायचं. आईच्या अंगाची ऊब थेट बाळाला मिळते." मुलगी गोड होती, मनापासून सांगत होती. मी मान डोलावली. पण घरी येईपर्यंत माझ्या कपाळाची शीर उडत होती. रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले, भाचीच्या सासूचा फोन आला तो धड ऐकला नाही. नवीन म्हणे! बाहेरच्या देशातून म्हणे! सुरगाण्याकडची बुधाबाई भोये तिथं असती तर तिनं त्या चित्राकडं बघून एवढंच विचारलं असतं, "हे तुला कुनी सांगितलं?" आणि नाव कळेपर्यंत त्या पोरीला सोडलं नसतं.

बुधाबाई आमच्या प्रसूतिगृहात आया होती. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, ट्रकच्या गॅरेजांच्या मागं ते दुमजली प्रसूतिगृह होतं. आता तिथं दुसरंच काही उभं आहे. तिथल्या आयांना सगळेच मावशी म्हणायचे. बुधाबाईला कुणी मावशी म्हटलं की ती हातातली बादली खाली ठेवायची. "मी कुनाची मावशी नाय. बुधी नाव हाय माजं. बुधवारची जल्मले." शेवटी आम्ही बुधाबाई म्हणू लागलो आणि तिनं ते चालवून घेतलं. अंगानं काटक, कपाळावर गोंदण, लुगडं पोटऱ्यांपर्यंत आवळलेलं. हसायची ती तोंडाच्या एकाच बाजूनं, तेसुद्धा कुणाची फजिती झाली तरच.

तिच्या डोंगरात सगळ्यांना 'तू' म्हणतात. बापाला तू, तलाठ्याला तू, देवाला तर तूच. तिनं आमच्या ट्रस्टींनाही तोंडावर 'तू' म्हटलं होतं. 'तुम्ही' म्हणायची ती एकाच माणसाला, आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना. बाईंना वाटायचं, बाकी कुणाला नाही पण ही आपल्याला मान देते. एकदा मी बुधाबाईला याबद्दल विचारलं. "आमच्याकडं ज्याच्याशी वैर हाय त्याला तुम्ही म्हनत्यात," ती म्हणाली. खरंच तिच्याकडं तसं आहे की हे तिनं बाईंपुरतं शोधून काढलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

हा डूख तिनं का धरला ते आधी सांगते. त्यात माझा हात किती होता तेही सांगते. ते लपवायचं असेल तर हे लिहूच नये.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची थंडी. मी एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. नाशिक रोडला प्रेसच्या कॉलनीतून सिटी बसनं यायची. भात झोडून झालं की पेठ-सुरगाण्याकडची माणसं टोळ्या करून खाली उतरत आणि द्राक्षांच्या मळ्यांत मजुरी करत. बुधाबाई अशीच आलेली होती. सोबत लेक जानकी आणि जावई. जानकीला आठव्यातच कळा लागल्या आणि मळ्यातून बैलगाडीनं तिला आमच्याकडं आणलं. मुलगा झाला, काट्यावर तेराशे ग्रॅम. जानकी तापानं फणफणलेली, म्हणून बुधाबाईनं नातू आपल्याकडं घेतला. चोळी सोडली, पोराला नागडंच छातीच्या मधोमध उभं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडून. डोक्याला फडकं गुंडाळलं, वरून पदर घट्ट आवळून गाठ मारली आणि भिंतीला टेकून बसली. दुपारभर मी येताजाता बघत होते. पोर गुलाबी होतं, मधूनमधून चुळबुळत होतं.

संध्याकाळी मोठ्या बाई राउंडला आल्या. कडक इस्त्रीचा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बुधाबाईपाशी येऊन थबकल्या. "हे काय चाललंय? काढा ते आधी. नुसती अंगाची घाण! सिस्टर, पेटीत ठेवा त्याला."

सिस्टर म्हणजे मी. घाण हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. माझ्या आजीनं तो जन्मभर ऐकला, आईनं अर्धा जन्म ऐकला, आणि मला शिकवलं ते मला तो ऐकावा लागू नये म्हणून. त्या दिवशी तो दुसऱ्या बाईला लागला. खरं सांगते, मला राग नाही आला. आज तो आपल्याला नाही, एवढंच वाटलं, आणि जरा बरंच वाटलं. मी पुढं झाले, बुधाबाईच्या पदराची गाठ सोडली आणि मूल उचललं.

पेटी म्हणजे बाईंचा अभिमान. सुताराकडून करून घेतलेली लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, आत साठ वॅटचे दोन बल्ब. सकाळी सात वाजता मी ड्यूटीवर आले तेव्हा लाइट गेलेली होती. पाचलाच गेली म्हणाले. रात्रपाळीची सिस्टर एका अडलेल्या बाईपाशी लेबर रूममध्ये गुंतली होती. पेटीत पोर निळसर पडलं होतं. बुधाबाईला आत यायला मनाई केली होती, म्हणून ती दारात उभी राहून दोन्ही हात पुढं करत होती. "दे माज्याकडं. ए पोरी, दे ना इकडं."

मी म्हणाले, "ऑर्डर नाही."

बाईंच्या घरी फोन लावला, लागेना. परत आले, ती परत म्हणाली, मी परत तेच म्हणाले. असं अर्धा तास चाललं. मग द्यायला काही उरलं नाही. नऊ वाजता लाइट आली.

राउंडला बाईंनी केसपेपर हातात घेतला. "आधी त्या बाईच्या अंगावर होतं ना दिवसभर? तिथंच लागण झाली. अंगाची घाण, दुसरं काय." आणि तसंच लिहून खाली सही केली. जानकी कॉटवर पडून ऐकत होती. तिनं आईकडं एकदा बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

जानकी आणि जावई गावी परतले. बुधाबाई गेली नाही. पंधरा दिवसांत ती आमच्याकडं आयाच्या कामाला लागली. तिला कामावर घेतलं ते मोठ्या बाईंनीच. नाव विचारलं, हात बघितले, उद्यापासून ये म्हणाल्या. ओळखलंच नाही.

"वळखत बी नाय मला," बुधाबाई मला म्हणाली.

"मग कशाला राहिलात इथं?" मी विचारलं.

"जानकीला वाटतं तिचं पोर माज्या अंगानं मेलं. तोंडानं बोलत नाय ती, पन वाटतं तिला. हिनं लिवलंय ना तसं. आता हीच जानकीम्होरं उभी राहून सांगंल, का घान न्हवती म्हनून. तवर मी काय जात नाय."

तिला काय हवं होतं ते इतकं सरळ होतं. मला मात्र तिनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मी वाट बघत राहिले, आणि ती न बोलल्यानं मला जास्त जाचलं.

तिचे दिवस वैराच्या वेळापत्रकावर चालायचे. सकाळी बाईंची फियाट फाटकातून आत यायची त्याच वेळेला बुधाबाई अंगणातल्या नळावर लाल साबण आणि पाय घासायची वजरी घेऊन बसलेली असायची. मान, दंड, पाय, कातडी सोलून निघेल इतकं घासायची. बाईंना त्या नळावरूनच जावं लागे. "बुधा फार स्वच्छ आहे हं," बाई आम्हांला कौतुकानं सांगायच्या. आणि ती पेटी! पेटी पुसायला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. दिवसातून तीनदा पुसायची. मी म्हटलं, "एवढं प्रेम?" तर म्हणाली, "वैऱ्याला नजरेसमोर ठेवायचं. धूळ बसली का इसरायला व्हतं."

पुढं मी पास होऊन तिथंच स्टाफ नर्स झाले. एका हिवाळ्यात एका गवंड्याच्या बायकोला चौदाशे ग्रॅमची मुलगी झाली आणि पेटीतला एक बल्ब उडाला. दुसरा आणून लावला, तोही उडाला. बुधाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता बी ऑर्डर पायजे का तुला?"

मी कोपऱ्यातल्या कॉटभोवती पडदा ओढला.

बुधाबाईनं त्या आईची चोळी सोडायला लावली. झबलं, स्वेटर, दुपटी, सगळं बाजूला टाकलं. मुलीला फक्त टोपडं आणि लंगोट. "नुसतं धरू नको, पोटाळ तिला. पोटाळ म्हंजे कळतं का? तुज्या पोटातून भाईर आलीच नाय असं समज." शहरात हा शब्द कुणी फारसा वापरत नाही, पण त्या बाईला तो बरोबर कळला. तळपायाला हाताची उलटी बाजू लावून बुधाबाई बघायची. पाय पोटाइतके गरम असले की हुं म्हणायची, नसले तर आईच्याच अंगावर आणखी एक गोधडी टाकायची. चोखता येत नसेल तर आईचं दूध काढून चमच्यानं थेंब थेंब, पण पोर छातीवरच.

आता अडचण अशी, की पुढच्या पाळीच्या सिस्टरला हे कळवायचं कसं. तीही आमच्या कटातली होती, पण कागदावर उघड लिहायची सोय नव्हती. पोटाळणं याची खूण म्हणून मी केसपेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, P.O.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाचलं. दवाखान्याच्या भाषेत पी.ओ. म्हणजे तोंडानं देणं, दूध असो की औषध. बाईंचा चेहरा खुलला. "अरे वा, पी.ओ. सुरू केलंत? पेलतंय का तिला?"

"हो बाई, छान पेलतंय."

बाईंनी पेन काढलं, 'P.O. continue' असं लिहिलं आणि खाली झोकात सही केली.

मी लिननच्या खोलीत जाऊन बुधाबाईला सगळं समजावून सांगितलं. तिला कळायला मिनिटभर लागलं. मग ती बादली उपडी करून तिच्यावर बसली आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हसली. तसं हसताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. "म्हंजे तिचीच ऑर्डर?"

"तिचीच. सहीसकट."

त्यानंतर कितीतरी वर्षं बाई आमचं पी.ओ. चालवत होत्या. पी.ओ. वाढवा, पी.ओ. दर दोन तासांनी. एकदा एका पोराला उलट्या झाल्या म्हणून त्यांनी 'Stop P.O.' लिहिलं. मी बुधाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "मला कुटं वाचाया येतं?" पोर छातीवरून हललं नाही. आणि असं एखादं मूल धडधाकट होऊन घरी निघालं, की ही पायरीवर उभी राहून बाईंना मोठ्यानं सांगायची, "बाई, ते चौदाशेचं पोर घरी चाललं. तुमच्या पेटीची कमाल हाय!" बाई लाजून हसायच्या. कौतुकात इतकं विष कालवता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मलाही त्याची चटक लागली. माझाही सूड त्यात होता, फक्त मी तो तिच्या पदराआडून घेत होते.

आमच्या कॉलनीतले एक प्रेसमधले कामगार होते. बायकोला बाळंतपणात झटके आले, ती शुद्धीवर नाही, मूल सव्वा किलोचं. हे बिचारे बाकावर रुमाल पिळत बसलेले. बुधाबाई त्यांच्यासमोर गेली. "शर्ट काढ."

"मी?"

"नाय, तुजा सायब. काढ लवकर."

"अहो, पण माझ्या छातीला..." त्यांनी केसांकडं बोट दाखवलं.

"मंग काय झालं? गवतावर निजंल पोरगं."

शर्टाच्या आत पोर बांधून ते बसले. तेवढ्यात बाई अवेळी राउंडला आल्या. या गृहस्थांनी घाईघाईनं वरपर्यंत बटणं लावली. बाई नेमक्या त्यांच्यासमोर थांबून पेटीचं महत्त्व सांगू लागल्या. पेटी रिकामी दिसत होती, पण बुधाबाई झाकण उघडून फडकं मारत होती, म्हणजे सफाई चालली असणार. आणि शर्टाच्या आतून शिंक आली. "सर्दी झालीय हो मला," ते गृहस्थ नाक ओढत म्हणाले. बाईंनी त्यांना वाफ घ्यायला सांगितलं. पुढं बायको बरी झाली, तर ते पोर तिच्याकडं द्यायलाच तयार होईनात. कॉलनीत कुणाला सांगू नका, एवढं मात्र मला हात जोडून म्हणाले.

ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. बाईंनी आपल्या पेटीच्या यशाबद्दल मुंबईला पत्रं पाठवली होती. ती वाचून तिकडचे दोन मोठे डॉक्टर बघायला आले. डिसेंबरातली दुपार, बाहेर बोचरा वारा. त्या दिवशी पेटीत एक मूल खरोखरीच होतं. सकाळीच जन्मलेलं, आणि त्याची आई रक्तस्रावामुळे ऑपरेशन थिएटरमध्ये होती. पाहुण्यांतले म्हातारे डॉक्टर जुने केसपेपर चाळत होते. एका पेपरवर ते थांबले.

"मॅडम, हे मूल बाराशे ग्रॅमचं. जन्मल्याच दिवशी पी.ओ.? ह्याला चोखता तरी येत होतं का? आणि इथं तर पी.ओ. दिवसाचे वीस तास लिहिलंय."

बाईंनी पेपर बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, हे काय आहे?"

मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले. "पी.ओ. म्हणजे पोटाळणं, बाई. मूल आईच्या छातीवर उघडं बांधणं. पेटीत ती मुलं नव्हतीच."

"कुणी सांगितलं तुम्हांला हे करायला?"

"मी," बुधाबाई म्हणाली.

"तू कोण?"

"मी अंगाची घान."

बाईंना काहीच कळलं नाही. मग बुधाबाईनं पाहुण्यांसमोर सगळं सांगितलं. जानकी, तेराशे ग्रॅम, पाच वाजता गेलेली लाइट, सही. आवाज चढवला नाही. मूल उचलणारी सिस्टर कोण, एवढंच तिनं गाळलं. बाई ऐकत होत्या, आणि शेवटी त्या म्हणाल्या, "मला आठवत नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

त्याच सुमाराला लाइट गेली. पेटीतले बल्ब विझले.

एरवी बुधाबाईनं क्षणात मूल काढून पदरात घेतलं असतं. आज तिनं झाकण उघडलं, मूल बाहेर काढलं, दुपटं सोडलं आणि दोन्ही हातांवर बाईंसमोर धरलं. "घ्या. आता तुमच्या अंगावर."

"वेडी आहेस का? तू घे ना मग!"

"माज्या अंगाला घान हाय. तुमच्या सहीनं लिवलंय."

मूल कण्हायला लागलं. मी पुढं झाले तर बुधाबाईनं नुसत्या नजरेनं मला जागच्या जागी थांबवलं. म्हातारे डॉक्टर हळूच म्हणाले, "मॅडम, वेळ जातोय."

बाई पडद्याआड गेल्या. बटणं त्यांना सुटेनात, ती मी सोडली. बुधाबाईनं मूल त्यांच्या छातीवर ठेवलं, पाय दुमडले, मान एका बाजूला वळवून किंचित वर केली आणि माझ्याकडून चादर घेऊन करकचून बांधली. "आता हलू नका." आणि कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

अडीच तास. बाईंची पाठ अवघडली, ती हलू दिली नाही. त्यांना पाणी हवं होतं, ते मी चमच्यानं पाजलं. मध्ये एकदा त्या पुटपुटल्या, "हा शांत झालाय. माझ्या श्वासाबरोबर श्वास घेतोय."

"म्हाईत हाय," बुधाबाई म्हणाली.

मला त्या अडीच तासांत मोठ्या बाईंची दया आली नाही. यायला हवी होती हे कळत होतं, पण आली नाही. उलट लाइट लवकर येऊ नये असं वाटत होतं. आई थिएटरमधून सुखरूप बाहेर आली, मूल तिच्या छातीवर गेलं, आणि बाई बटणं लावून खाली निघून गेल्या.

नंतर मी बुधाबाईला विचारलं, "त्यांनी नसतं घेतलं तर?"

"मंग मी घेतलंच असतं. पन तिला ते म्हाईत न्हवतं ना."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला खोलीत बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. पण बाई म्हणाल्या, "बुधा, माझं चुकलं असेल."

"असंल नाय, चुकलं. आन् ते मला नका सांगू. जानकीला सांगा."

"मी पत्र लिहिते तिला."

"तिला वाचाया येत नाय. तुम्हांला यावं लागंल."

बाई आल्या नाहीत. पुढं पोटाळणं उघडपणे सुरू झालं. बाईंनी त्यावर इंग्रजीत लेखही लिहिला, आणि त्यात आमचं कुणाचं नाव नव्हतं. मी संतापले. बुधाबाईला त्याचं काहीच वाटलं नाही. "कागूद घेऊं दे तिला." तिनं आपलं एकच चालू ठेवलं. दर सोमवारी राउंड संपला की भर वॉर्डात, बाळंतिणींच्या, त्यांच्या सासवांच्या, वॉर्डबॉयच्या देखत विचारायचं, "बाई, कधी जायचं?" बाई कधी ऐकलं न ऐकलं करायच्या, कधी पुढच्या महिन्यात म्हणायच्या. एकदा चिडून म्हणाल्या, "काढून टाकीन तुला." बुधाबाई म्हणाली, "टाका. फाटकात उभी राहून इचारीन." वर्ष उलटून गेलं तरी एक सोमवार तिनं चुकवला नाही. हळूहळू बायकाच एकमेकींना विचारायला लागल्या, कुठं जायचंय गं डॉक्टरीणबाईंना? आणि ज्यांना माहीत होतं त्या सांगायच्या.

पौषातल्या एका रविवारी फियाट निघाली. पुढं बाई आणि ड्रायव्हर, मागं मी आणि बुधाबाई. पेठ मागं टाकलं, डांबरी रस्ता संपला, कच्चाही संपला, मग पाऊण तास चालत. बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. बुधाबाई पुढं चालत होती, तिनं मागं वळून बघितलं नाही.

जानकी अंगण सारवत होती. आता तिला तीन मुलं होती, ती भिंतीला चिकटून आमच्याकडं बघत होती. बाई अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. बुधाबाई म्हणाली, "बोला."

"जानकी, तुझं पहिलं मूल..." बाईंनी घसा साफ केला. "तुझ्या आईच्या अंगाची घाण नव्हती. ती ऊब होती. मी ते काढायला लावलं. लाइट गेली, पेटी गार पडली, म्हणून ते गेलं. मी खोटं लिहिलं. चूक माझी होती."

जानकी सारवता सारवता ऐकत होती. हाताचा फेर तिनं पुरा केला. मग आईकडं बघितलं, बराच वेळ. "बरं," ती म्हणाली. शेणाचा हात धुतला, आत गेली आणि सगळ्यांना कोरा चहा घेऊन आली. बाईंनी कप दोन्ही हातांनी धरला आणि त्या रडायला लागल्या. बुधाबाईनं आपला कप खाली ठेवून दिला.

परत निघताना ती गाडीपर्यंत आली, पण आत बसेना. "मी नाय येत आता. तिकडं काय काम राह्यलं नाय माजं." बाई आत बसून डोळे पुसत होत्या. मी खाली उतरून तिच्यापाशी गेले.

"झालं ना मनासारखं? आता तरी माफ केलंत का त्यांना?"

"जानकीनं चहा दिला, ते तिचं ती बघंल. मी नसता दिला."

इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. "आणि मला?"

मला वाटलं, हसेल. माझ्या खांद्यावर हात तरी ठेवेल असं वाटलं. तिनं माझ्या हातांकडं बघितलं.

"तू त्याला उचललंस तवा तुजं हात लय गार व्हतं," ती म्हणाली. "त्यानं अंग चोरलं. तुला कळलं नसंल. मी बघितलं."

आणि ती वळून चढण चढायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी गाडीत बसले, आणि पेठ येईपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले.